डेनिस मार्टिन का सापडला नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डोंगरात हरवलेल्या मुलांच्या शोधावर मागच्या अंकात लिहिताना डेनिस मार्टिनचा उल्लेख दोन ओळींत आटोपला होता. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातून १९६९ साली नाहीसा झालेला हा मुलगा आजतागायत सापडलेला नाही. सर्वाधिक पत्रं त्याच्याविषयीच आली. काही पत्रांत कुतूहल होतं, तर काहींत आपल्या मुलांना ट्रेकला नेणाऱ्या आईवडिलांची काळजी. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

चौदाशे माणसं शोधत असताना सहा वर्षांचं पोर सापडत नाही, हे पटत नाही. नेमकं काय घडलं ते क्रमाने सांगाल का? (नाशिक)

१४ जून १९६९, शनिवार. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत फादर्स डे होता. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलचं मार्टिन कुटुंब, म्हणजे आजोबा, वडील आणि दोन मुलं, दरवर्षीप्रमाणे डोंगरात मुक्कामाला आलं होतं. पहिली रात्र रसेल फील्डला काढून ते स्पेन्स फील्डला पोचले. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवरच्या धारेवरचं हे गवताळ पठार सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. वर मोकळं गवत, पण कडेची झाडी सुरू झाली की दोन्ही बाजूंना तीव्र उतार आणि ऱ्होडोडेंड्रॉन-लॉरेलची दाट जाळी. आपल्याकडच्या कारवीत शिरलेल्याला ती कशी असते याची कल्पना येईल: पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही.

दुपारी साडेचारच्या सुमारास डेनिस, त्याचा भाऊ आणि तिथे भेटलेल्या दुसऱ्या कुटुंबातली मुलं यांनी मोठ्यांची गंमत करायचं ठरवलं. झाडीतून वळसा घालून मागून येऊन दचकवायचं. बाकीची मुलं एका बाजूने गेली. डेनिसच्या अंगात लाल टीशर्ट होता, तो लांबून दिसला असता, म्हणून तो एकटा दुसऱ्या बाजूने गेला. बाकीची मुलं आली, तो आला नाही. पाचेक मिनिटांत मोठ्यांना शंका आली. वडील वाटेने सुमारे दोन मैल पळत गेले. आजोबा मदत आणायला केड्स कोव्हच्या रेंजर ठाण्याकडे उतरले आणि रात्री साडेआठच्या सुमारास तिथे पोचले. म्हणजे बाहेरच्या जगाला खबर लागायलाच चार तास गेले. फोन जवळ नव्हता, त्यामुळे याचा दोष कुणाला देता येत नाही.

त्याच संध्याकाळी मुसळधार पाऊस आला. काही तासांत सुमारे अडीच इंच. ओढे फुगले, पाऊलखुणा धुऊन गेल्या, धुकं उतरलं. डेनिसच्या अंगावर सुती टीशर्ट, हिरवी अर्धी चड्डी आणि पायात साधे बूट. सात वर्षांचा व्हायला त्याला आठवडाही उरला नव्हता.

मग माणसं येत गेली: रेंजर, नॅशनल गार्ड, कॉलेजची मुलं, स्काउट, स्थानिक शिकारी, हेलिकॉप्टर, सैन्याच्या विशेष दलाचे ग्रीन बेरे जवान. शोध ऐन भरात असताना हा आकडा सुमारे १४०० होता. ५६ चौरस मैल, म्हणजे जवळजवळ १४५ चौरस किलोमीटर मुलूख पिंजून काढला गेला. जूनअखेर मोठा शोध आवरता घेतला गेला. त्यानंतर मोजके अनुभवी रेंजर सप्टेंबरपर्यंत शोधत होते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचा रोख आम्ही थोडा बदलू. चौदाशे माणसं असूनही का सापडला नाही, यापेक्षा ती चौदाशे माणसं कधी आली हे विचारायला हवं. ती आली तोवर पाऊस पडून गेला होता आणि पहिली रात्र उलटली होती. नंतर आलेल्या गर्दीने उरल्यासुरल्या खुणाही तुडवल्या. शोधादरम्यान मुलाच्या मापाच्या पाऊलखुणा दिसल्याची नोंद आहे. त्या खुणांमध्ये एक पाय अनवाणी होता आणि माग ओढ्यापर्यंत जात होता. पण परिसरात स्काउटची मुलं शोधत होती, त्यांचीच असतील असं समजून तो माग पुढे नेला गेला नाही. त्या खुणा डेनिसच्या होत्या की नव्हत्या, हे आता सांगता येणार नाही. गर्दी नसती तर ते त्याच दिवशी ठरवता आलं असतं.

पण जास्त माणसं असली तर जास्त जागा शोधून होते ना? हिशोब कसा मांडतात? (पुणे, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

हिशोबच करून पाहू. तीस जणांची रांग, दोघांत १० मीटर अंतर, म्हणजे ३०० मीटर रुंदीचा पट्टा. दाट जाळीत तासाला ५०० मीटर पुढे सरकलात तरी खूप झालं. त्या वेगाने तासाला ०.१५ चौरस किलोमीटर होतं. १४५ चौरस किलोमीटरला एका रांगेचे सुमारे ९६७ तास लागतील. १४०० माणसांच्या साधारण ४६ रांगा होतात, म्हणजे सगळ्यांनी सलग २१ तास चालायचं. उजेड, चढउतार, जेवण आणि विश्रांती धरली तर तीन दिवस. आणि एवढं करून सगळा भाग एकदाच होतो.

‘एकदा झाला’ म्हणजे मूल तिथे नाही असा अर्थ होत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी बर्नार्ड कूपमन यांनी समुद्रात पाणबुड्या शोधण्याचं गणित बसवलं, तेच पुढे जंगलातल्या शोधाला लागू झालं. शोधणाऱ्याला दोन्ही बाजूंना मिळून खात्रीने जेवढं दिसतं ती त्याची ‘परिणामकारक रुंदी’. ती दोघांमधल्या अंतराएवढी असेल तर सापडण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के. त्या अंतराच्या निम्मी असेल, म्हणजे १० मीटर अंतर ठेवून चालणाऱ्याला पाचच मीटर दिसत असेल, तर ३९ टक्के. दुप्पट असेल तर ८६. शंभर कधीच होत नाही. आता पानांच्या थराखाली, ओंडक्याच्या आडोशाला अंगाची जुडी करून पडलेलं मूल किती रुंदीतून दिसेल, याचा विचार करा.

दुसरा भाग शक्यतेच्या वाटणीचा. नकाशाचे तुकडे पाडायचे आणि मूल त्या-त्या तुकड्यात असण्याची शक्यता जाणकारांनी टक्क्यांत लिहायची. समजा ‘अ’ तुकड्याला ६० टक्के दिले. तो ५० टक्के खात्रीने शोधला, मूल मिळालं नाही. मग ‘अ’ बाद होतो का? नाही. त्याची शक्यता ६० वरून सुमारे ४३ वर येते आणि बाकीच्या तुकड्यांची ४० वरून ५७ वर जाते. चुकतं ते इथेच. ‘तिकडे बघून झालं’ म्हणून नकाशावर फुली मारली जाते आणि पुन्हा तिकडे कुणी वळत नाही. दुसऱ्यांदा, वेगळ्या दिशेने, वेगळ्या माणसांनी तोच तुकडा शोधणं बऱ्याचदा नव्या तुकड्यापेक्षा फायद्याचं असतं. प्रत्येक वेळी ५० टक्के खात्री असलेले दोन स्वतंत्र शोध मिळून ७५ टक्के होतात.

डेनिसच्या शोधानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने आपल्या पद्धतीचा नव्याने विचार केला. आधी थोडी, पण प्रशिक्षण घेतलेली माणसं आत पाठवायची. माग काढणारे आणि कुत्री पुढे, स्वयंसेवकांच्या रांगा सर्वांत शेवटी. आज जगभर हाच क्रम मानतात.

त्याआधीचं काम मात्र नाकेबंदीचं. तासाला दोन किलोमीटर चालणारं मूल चार तासांत आठ किलोमीटर जाऊ शकतं, म्हणजे कागदावर सुमारे २०० चौरस किलोमीटरचं वर्तुळ. एका तासाचं वर्तुळ फक्त साडेबारा चौरस किलोमीटरचं असतं. म्हणून पहिल्या तासात वाटांचे तिठे, खिंडी, ओढ्यावरची ओलांडणी आणि रस्त्याला लागायच्या जागा इथे एकेक जोडी बसवायची. त्यांनी शोधायचं नाही, हलायचं नाही. वाटेवरची माती झाडून सपाट करून ठेवली तर रात्रीत कुणी गेलं का हे सकाळी कळतं.

मूल हाका ऐकूनही ओ देत नाही असं वाचलं. खरं आहे? (कोल्हापूर)

खरं आहे, आणि शोधपथकं ते गृहीत धरूनच चालतात. चार ते सहा वर्षांची मुलं अनोळखी माणसांना घाबरतात. ‘अनोळखी माणसाशी बोलायचं नाही’ हे आपणच त्यांच्या मनावर बिंबवलेलं असतं. त्यात बाबा रागावतील ही भीती. दमलेलं मूल झोपूनही जातं, आणि त्या वयाची झोप हाकेने मोडत नाही. या वयाची मुलं बऱ्याचदा आडोसा शोधतात: झुडपाखाली, खडकाच्या कपारीत, पडलेल्या झाडाच्या पोकळीत. त्यामुळे ‘जोरात ओरडलो, उत्तर आलं नाही, म्हणजे इथे नाही’ हा निष्कर्ष काढायचा नाही. वाकून, खाली बघून, हात घालून तपासायचं.

हाक मारताना घरातलं लाडकं नाव वापरा. सगळ्यांनी एकाच वेळी हाक मारायची, मग घड्याळ लावून एक मिनिट पूर्ण शांतता. त्या एका मिनिटात कुणी बोलायचं नाही, चालायचं नाही, मोबाइल वाजू द्यायचा नाही. मुलाचा आवाज बारीक असतो, पानांवरच्या पावलांच्या आवाजातही तो बुडतो.

वास घेणारी कुत्री का उपयोगी पडली नसतील? (सातारा)

अडीच इंच पावसानंतर आणि शेकडो पायांखालून गेलेल्या जमिनीवर माग काढणाऱ्या कुत्र्याला फारसं काही उरत नाही. पण ‘कुत्रा’ म्हणजे एकच प्रकार नव्हे. माग काढणारा कुत्रा विशिष्ट माणसाच्या वासावर, त्याने चाललेल्या रेषेवर चालतो. त्याला मूल जिथे शेवटचं दिसलं तिथूनच सुरुवात लागते, आणि तीही इतरांनी ती जागा तुडवायच्या आत. दुसरा प्रकार वाऱ्यावर येणारा माणसाचा वास टिपतो. त्याला रेषा लागत नाही, वारा लागतो. दिवसा ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते, म्हणून तेव्हा कुत्रा धारेवरून न्यायचा म्हणजे खालच्या दरीचा वास वर येतो. संध्याकाळनंतर थंड हवा खाली उतरते, तेव्हा ओढ्याकाठाने न्यायचा. भर दुपारी वास सरळ वर उडून जातो. त्या वेळी कुत्र्याला विश्रांती दिलेली बरी.

पथकाला द्यायची वस्तू कशी ठेवायची, हे बहुतेकांना माहीत नसतं. मुलाने अंगावर घातलेला आणि न धुतलेला एकच कपडा घ्या. मोजा, टोपी किंवा उशीचा अभ्रा उत्तम. तो हाताने उचलायचा नाही, पिशवी उलटी करून हातात घालून पकडायचा. कागदी पिशवीत ठेवायचा. एका पिशवीत एकच वस्तू. घरच्या सगळ्यांच्या धुण्याच्या ढिगातला कपडा चालत नाही, त्यात पाच जणांचे वास मिसळलेले असतात. आणि मुलाची सॅक आईने छातीशी धरून बसायची नाही. हे सांगणं निर्दय वाटतं, तरी सांगावं लागतं.

त्याला कुणी पळवून नेलं असेल का? की अस्वलाने? तुमचं मत काय? (ठाणे, डोंबिवली, इंदूर)

तीन शक्यता कायम बोलल्या जातात. पहिली, वाट चुकून थंडीने गारठून मृत्यू. दुसरी, जनावर. स्मोकीजमध्ये काळी अस्वलं आहेत, रानडुकरं आहेत, विषारी रॅटलस्नेक आहेत. तिसरी, अपहरण.

अपहरणाला आधार एका पर्यटकाच्या जबाबाचा. त्याच दिवशी दुपारी केड्स कोव्हच्या बाजूला त्याच्या कुटुंबाला किंकाळी ऐकू आली आणि झाडीत लपूनछपून चालणारा एक माणूस दिसला. पण ती जागा स्पेन्स फील्डपासून कित्येक मैल दूर आहे आणि वेळेचा मेळ बसवणं कठीण आहे. अधिकाऱ्यांनी तो धागा डेनिसशी जोडला नाही. गुन्ह्याचा पुरावा मिळाला नाही.

आमचं मत विचारलंत, तर पहिली शक्यता सर्वांत जड आहे. पुरावा नाही, पण परिस्थिती त्याच बाजूची आहे. दीड हजार मीटर उंची, रात्र, भिजलेला सुती कपडा आणि लहान अंग. मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असतं, म्हणून ते मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठतं. ओलं सुत ऊब धरत नाही, उलट काढून घेतं. यासाठी बर्फ लागत नाही. १० अंश तापमान, पाऊस आणि वारा एवढं पुरतं. गारठ्याच्या शेवटच्या टप्प्यात काही माणसं अंगावरचे कपडे किंवा बूट काढून टाकतात आणि अडचणीच्या जागेत सरपटत शिरतात. न्यायवैद्यक शास्त्रात याची नोंद आहे. असं झालं असेल तर रांग अगदी शेजारून गेली तरी दिसणार नाही.

इंटरनेटवर या प्रकरणाभोवती रानटी माणसांपासून सरकारी लपवाछपवीपर्यंत बरंच काही रचलं गेलं आहे. त्यातल्या कशालाही आधार नाही, आणि एका कुटुंबाच्या दुःखाशी केलेला तो खेळ आहे.

इतक्या वर्षांत हाडंसुद्धा कशी मिळाली नाहीत? (अमरावती)

एकदा मिळाली असण्याची शक्यता आहे. १९८५ साली एका माणसाने येऊन सांगितलं की डेनिस हरवल्यानंतर काही वर्षांनी त्याला ट्रेमाँट भागातल्या बिग हॉलो इथे लहान मुलाचा सांगाडा दिसला होता. तो तिथे जिनसेंग या औषधी वनस्पतीची मुळं खणायला गेला होता. राष्ट्रीय उद्यानात ते बेकायदा आहे, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिला. त्यानंतर सुमारे तीस जणांच्या पथकाने ती जागा धुंडाळली, पण काहीच मिळालं नाही.

न मिळण्यात नवल नाही. सहा वर्षांच्या मुलाची हाडं बारीक आणि नाजूक. दमट जंगलात जनावरं ती पांगवतात, रानडुकरं जमीन उकरतात, दर पानगळीला वर नवा थर चढतो आणि तिथली आम्ल माती हाडं झिजवते. पाच-दहा वर्षांनी कवटी आणि दात वगळता ओळखू येण्याजोगं फार थोडं उरतं. तेव्हा आपल्याकडेही कुणाला रानात असं काही दिसलं, तर मध गोळा करायला गेलो होतो की लाकडं तोडायला, याचा विचार न करता सांगावं. हात न लावता, जागेची खूण करून, फोटो काढून.

आजी सांगायची ‘चकवा लागतो’. माणूस फिरून तिथेच येतो, हे शास्त्राला धरून आहे का? (सावंतवाडी)

फिरून तिथेच येणं खरं आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमान आणि सहकाऱ्यांनी २००९ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगून जीपीएसने माग ठेवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढग आले की वळत वळत आपलीच वाट ओलांडू लागली, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. डोळे बांधल्यावर तर कधी कधी २० मीटर व्यासाइतकं लहान वर्तुळ झालं. एक पाय लांब असतो म्हणून एकाच बाजूला वळतो, हा समज त्यात टिकला नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत होता. दिशेच्या अंदाजातल्या बारीक चुका साठत जातात, एवढंच. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पठारावर धुकं उतरलं की नेमकी हीच स्थिती असते. अशा वेळी चालू नका. बसा.

सह्याद्रीत ट्रेकला गेलो आणि मूल नजरेआड झालं, तर पहिल्या पंधरा मिनिटांत काय करावं? (पुणे, पनवेल, संगमनेर)

सगळे धावत सुटतात, चार दिशांना चार जण. मग हरवलेल्यांची संख्याच वाढते. तेव्हा आधी वेळ बघा आणि लिहून ठेवा. मूल शेवटचं दिसलं तिथे रंगीत ओढणी किंवा सॅक बांधा आणि एका मोठ्या माणसाला तिथेच थांबवा. काहीही झालं तरी त्याने ती जागा सोडायची नाही, कारण मुलं बऱ्याचदा स्वतःच परत येतात आणि तिथे कुणी नसेल तर पुन्हा निघून जातात. उरलेली मुलं मोजून एका जागी बसवा.

मग शिट्टी तीनदा, हाक, एक मिनिट शांतता. त्याच वेळी दोन मोठ्यांनी जोडीने धोक्याच्या जागा बघायच्या, आणि त्यांचा क्रम पक्का ठेवायचा: आधी पाणी, मग कडा, मग बाकी सगळं. किल्ल्यावर असाल तर टाकी, तलाव, पडके चौथरे, गुहा. पाण्यात गेलेल्या मुलाकडे मोजकी मिनिटं असतात. झाडीत हरवलेल्याकडे तास असतात. आणखी दोघांना खालच्या पहिल्या तिठ्यावर पाठवा. तिथे बसून राहायचं, पुढे जायचं नाही.

दहा-पंधरा मिनिटांत मूल मिळालं नाही तर ११२ ला फोन लावा. ‘अजून जरा बघू’ म्हणत तास-दीड तास घालवणं ही सर्रास होणारी चूक, आणि संध्याकाळच्या वेळी ती फार महागात पडते. नंतर मूल मिळालं तर फोन करून कळवा, त्यात संकोच नको. स्वतःच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं असेल तिथे ११२ लागू शकतो. बोलणं तुटत असेल तर पायथ्याच्या ओळखीच्या माणसाला एसएमएस करा, कमी रेंजमध्येही तो बऱ्याचदा जातो. मजकुरात मुलाचं वय, कपड्यांचा रंग, शेवटचं दिसल्याची वेळ, किल्ल्याचं आणि पायथ्याच्या गावाचं नाव. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये आपल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. दशांशानंतर चार आकडे पाठवा, तेवढ्याने साधारण ११ मीटरपर्यंतची जागा कळते. एकाच फोनवरून संपर्क ठेवा, बाकीचे फोन बंद करून बॅटरी वाचवा.

पायथ्याच्या वाडीवर माणूस धाडा. ढोरवाट कुठे फुटते, कुठल्या ओढ्यात माणूस चुकून उतरतो, हे गुराख्यांना आणि धनगरवाड्यावरच्या लोकांना जेवढं ठाऊक असतं तेवढं कुठल्याही नकाशात नसतं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी प्रशिक्षित पथकं महाराष्ट्रात आहेत, पोलिसांमार्फत ती येतात. ती पोचेपर्यंत मुलाने चाललेली वाट, ओली माती, ओढ्याचा काठ तुडवू नका. एखादं पाऊल उमटलेलं दिसलं तर शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो घ्या आणि वर डबा पालथा घाला म्हणजे पावसाने जाणार नाही. आणि कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर्वांनी या’ असा निरोप फिरवू नका. पहिल्या रात्री येणारी शंभर माणसं मदतीची नसतात.

मुलाला आधी काय शिकवून ठेवावं? खिशात काय द्यावं? (औरंगाबाद रोड, अहिल्यानगर)

१९८१ साली कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि गारठून दगावला. त्या शोधात असलेले सीमा गस्तीदलातले माग काढणारे अ‍ॅब टेलर आणि सहकाऱ्यांनी नंतर मुलांसाठी ‘हग अ ट्री’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. शिकवण साधी आहे. हरवलास की झाडापाशी थांब, त्याला धरून बस, जागा सोडू नकोस. जनावराचा आवाज वाटला तर तूच शिट्टी फुंक. हेलिकॉप्टर दिसलं तर मोकळ्यात आडवा पड, हातपाय पसर. शोधायला येणारी माणसं अनोळखी असतील, तरी त्यांना ओ दे. आणि कुणीही रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य निघण्याआधी आईवडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं, नाहीतर बाकी सगळं फुकट.

शिट्टी गळ्यात असावी, सॅकमध्ये नको. सॅक कुठेतरी काढून ठेवली जाते. खिशात भडक रंगाची मोठी प्लास्टिक पिशवी ठेवा. तिच्या तळाशी बाजूला चेहऱ्याएवढं भोक पाडा, मूल ती अंगावर ओढून चेहरा बाहेर काढू शकेल. भोक घरीच पाडून ठेवायचं, आणि चेहरा पिशवीत झाकायचा नाही हे दोनदा करून दाखवायचं. कपडे लाल-नारिंगी, वरचा थर सुती नसलेला.

निघण्याआधी पायाचा ठसा घ्या. घडी केलेल्या टॉवेलवर स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरा, मुलाला बूट घालून त्यावर पूर्ण वजन देऊन उभं करा. तळव्याची नक्षी उमटते. त्यावर नाव लिहा, फोटो काढा. डेनिसच्या शोधात ‘हे पाऊल कुणाचं’ हा प्रश्न पडला तेव्हा असा ठसा हाती असता, तर उत्तर लगेच मिळालं असतं.

त्याच उद्यानात आणखी कुणी हरवलं आहे का? (मुलुंड, शाळेतील शिक्षिका)

हो. ८ ऑक्टोबर १९७६ रोजी नॉक्सव्हिलच्याच एका शाळेच्या सहलीतली ट्रेनी गिब्सन ही सोळा वर्षांची मुलगी अँड्र्यूज बाल्डकडून क्लिंगमन्स डोमकडे परतताना नाहीशी झाली. या शिखराचं नाव २०२४ मध्ये पुन्हा तिथल्या मूळच्या चेरोकी लोकांच्या भाषेतलं ‘कुवोही’ करण्यात आलं. ती वाटेवर मुलांच्या दोन घोळक्यांच्या मध्ये चालत होती. पुढच्यांना ती मागे आहे असं वाटलं, मागच्यांना पुढे. ती अजून सापडलेली नाही. शाळेच्या सहलीत सर्वांत मागे एक जबाबदार मोठा माणूस हवा आणि त्याच्यामागे एकही मूल नको. दर तिठ्यावर सगळे जमेपर्यंत थांबायचं, आणि मोजणी नावाने करायची. नुसत्या आकड्याने केली की दुसऱ्याच ग्रुपचं एखादं पोर मोजलं जातं.

पोलिस ‘२४ तास थांबा’ म्हणाले तर? (बीड)

थांबायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बचपन बचाओ आंदोलनच्या याचिकेवर दिलेल्या आदेशानुसार, मूल हरवल्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, आणि सुरुवातीला अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच तपास करायचा आहे. हद्दीचा वाद निघाला तर झिरो एफआयआर मागा, कुठल्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

डेनिसचं प्रकरण बंद झालं का? आता काही कळू शकेल का? (नागपूर)

बंद झालेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या तपास शाखेच्या न उलगडलेल्या प्रकरणांच्या यादीत डेनिसचं आणि ट्रेनीचंही नाव आहे. एखादं हाड किंवा दात मिळाला तर आज डीएनएवरून ओळख पटवता येते. जुन्या हाडात पेशीकेंद्रातला डीएनए बऱ्याचदा तुटलेला असतो, पण आईकडून मुलांकडे येणारा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए एकेका पेशीत शेकडो प्रतींमध्ये असल्याने जास्त टिकतो. तो जुळवायला आई, सख्खी भावंडं, मावशी किंवा मावशीची मुलं यांपैकी कुणाचाही नमुना चालतो. वडिलांच्या बाजूचा इथे उपयोगी पडत नाही. आपल्याकडे कुणाच्या घरातलं माणूस वर्षानुवर्षं बेपत्ता असेल, तर आईच्या बाजूचे वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांचे नमुने घेण्याविषयी तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.